हप्ता थकलाय? फोनवर वाद घालू नका, मेल लिहा : कर्ज देणाऱ्याशी लेखी बोलणी कशी करायची



अनोळखी नंबरवरून फोन आला की पोटात गोळा येतो का? मग हा लेख तुमच्यासाठीच आहे. मी स्वतः यातून गेलोय. नोकरी बदलताना पगार २६,००० वरून १९,००० वर आला. डोक्यावर तीन देणी होती : क्रेडिट कार्ड, एका ॲपवरून घेतलेलं पर्सनल लोन आणि मोबाईलचा हप्ता. पहिले दोन महिने मी फक्त एकच गोष्ट केली, फोन सायलेंटवर टाकला.

मग एकदा फोन उचलला. समोरचा एजंट म्हणाला, "सर, आज पाच हजार टाका, बाकीचे चार्जेस मी काढून टाकतो." मी मित्राकडून उसने घेऊन पाच हजार भरले. पुढच्या महिन्याच्या स्टेटमेंटमध्ये सगळे चार्जेस जसेच्या तसे! कस्टमर केअरला विचारलं तर उत्तर मिळालं, "अशी कुठलीही नोंद आमच्याकडे नाही." बरोबरच आहे. नोंद असेल कशी, सगळं तोंडी झालं होतं.

त्या दिवसापासून मी एक नियम केला : पैशाबद्दल जे काही बोलायचं ते लिहून. आज आपण तेच स्टेप बाय स्टेप पाहूया.

लेखीच का?

फोनवर बोलणाऱ्या वसुली एजंटला सूट द्यायचा अधिकार बहुतेक वेळा नसतो. त्याचं काम आजच्या आज पैसे भरून घेणं. मेल मात्र कंपनीच्या सिस्टीममध्ये जातो, त्याला तक्रार क्रमांक किंवा तिकीट नंबर मिळतो आणि उत्तर देण्याची जबाबदारी कंपनीवर येते. दुसरं, उद्या वाद झाला तर तारीख-वेळेसकट पुरावा तुमच्या हातात असतो. आणि तिसरा फायदा मला नंतर कळला : लिहिताना माणूस घाबरत नाही. फोनवर "हो हो, उद्या भरतो" असं आपण काहीही कबूल करून बसतो. मेल लिहिताना आधी हिशोब करावा लागतो.

स्टेप १ : कर्ज नेमकं कोणाचं आहे ते शोधा

ॲपचं नाव म्हणजे कर्ज देणारी कंपनी नव्हे! बरीच ॲप्स फक्त मधली माणसं असतात. खरं कर्ज एखाद्या बँकेचं किंवा एनबीएफसीचं असतं. कर्ज घेताना मिळालेलं "की फॅक्ट स्टेटमेंट", म्हणजे केएफएस, मेलमध्ये शोधा. त्यात कर्ज देणाऱ्याचं नाव, वार्षिक व्याजदर, चार्जेस आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचा संपर्क असतो. मेल त्या बँकेला किंवा एनबीएफसीला लिहायचा, ॲपला फक्त सीसीमध्ये ठेवायचं.

रिझर्व्ह बँकेच्या वेबसाइटवर जुलै २०२५ पासून डिजिटल लोन ॲप्सची यादी आहे. तुमचं ॲप त्यात कुठेच नसेल आणि कर्ज देणाऱ्या बँकेचा पत्ताच लागत नसेल, तर बोलणी करण्याआधी सावध व्हा. अशा ॲपची तक्रार रिझर्व्ह बँकेच्या "सचेत" पोर्टलवर करता येते. फोटो एडिट करून पाठवण्याची धमकी वगैरे असेल तर थेट १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.

स्टेप २ : स्वतःचा हिशोब एका कागदावर

मेल लिहायच्या आधी हे करायलाच हवं, कारण तुम्ही जो आकडा लिहाल तो तुम्हाला पाळायचा आहे. माझा हिशोब असा होता :

- हातात येणारा पगार : ₹१९,०००
- खोली आणि मेस : ₹८,०००
- प्रवास, रिचार्ज : ₹१,५००
- घरी पाठवायचे : ₹३,०००
- उरले : ₹६,५००

आणि दर महिन्याची देणी :

- क्रेडिट कार्ड : बाकी ₹३८,४००, मिनिमम ड्यू ₹१,९२०
- ॲपचं लोन : मुद्दल बाकी ₹४६,०००, हप्ता ₹४,३५०, १२ हप्ते शिल्लक
- मोबाईल : ₹१,९९९, पाच हप्ते शिल्लक
- एकूण : ₹८,२६९

म्हणजे दर महिन्याला जवळपास १,८०० रुपये कमी पडत होते. यावर "माझी परिस्थिती खराब आहे, प्लीज मदत करा" असं लिहून काही होत नाही. नेमकं काय बदललं तर हप्ता बसेल, हे आपणच सांगायचं.

इथे क्रेडिट कार्डाची एक गंमत बघा. माझ्या कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के होतं. ३८,४०० वर ते झालं ₹१,३४४. त्यावर १८ टक्के जीएसटी ₹२४२. म्हणजे ₹१,९२० मिनिमम ड्यू भरला की त्यातले १,५८६ व्याज-करातच गेले आणि मुद्दल कमी झालं फक्त ३३४ रुपयांनी! तीच बाकी वार्षिक १८ टक्के दराने २४ महिन्यांच्या ईएमआयमध्ये बदलली तर हप्ता येतो साधारण ₹१,९१७, वर व्याजावरचा जीएसटी. खिशातून जाणारी रक्कम जवळपास तेवढीच, पण दोन वर्षांत कार्ड शून्यावर. हे मी बँकेला विचारेपर्यंत मला माहीतच नव्हतं.

ॲपच्या लोनचं उलटं आहे. २४ टक्के व्याजाने १२ ऐवजी २४ हप्ते मागितले तर हप्ता ४,३५० वरून साधारण २,४३२ वर येतो. पण एकूण भरायची रक्कम ५२,२०० वरून सुमारे ५८,३७० होते. म्हणजे सहा हजारांच्या वर जास्त. मुदत वाढवून घेणं फुकट नसतं, हे लक्षात ठेवूनच मागा.

स्टेप ३ : काय मागायचं ते ठरवा

कर्ज देणाऱ्याकडे साधारण या गोष्टी मागता येतात :

- हप्त्याची तारीख बदलणं. पगार ७ तारखेला आणि हप्ता ३ तारखेला असेल तर निम्मा त्रास इथेच असतो.
- मुदत वाढवून हप्ता कमी करणं.
- कार्डाची बाकी ईएमआयमध्ये बदलणं.
- दंड आणि बाऊन्स चार्जेस माफ करणं.
- एकरकमी तडजोड, म्हणजे सेटलमेंट. हा शेवटचा पर्याय, त्याबद्दल पुढे बोलूच.

दंडाबद्दल एक नियम माहीत असू द्या. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३ च्या सूचनेनुसार कर्जाचा हप्ता चुकल्यावर "दंडव्याज" म्हणून व्याजदरच वाढवता येत नाही. दंड आकारता येतो, पण त्या दंडावर पुन्हा व्याज लावता येत नाही. हा नियम क्रेडिट कार्डाला लागू नाही. तुमच्या लोनच्या स्टेटमेंटमध्ये दंडावर व्याज चढलेलं दिसलं तर मेलमध्ये तो मुद्दा नक्की लिहा.

आणि लवकर लिहा. हप्ता ९० दिवसांच्या वर थकला की खातं एनपीए होतं. त्याआधी लिहिलं तर समोरच्याकडे पर्याय जास्त असतात. हप्ता चुकायच्या आधीच लिहिलं तर सगळ्यात उत्तम.

स्टेप ४ : मेल असा लिहा

मेल छोटा ठेवा. आयुष्याची कहाणी नको. पाच गोष्टी असल्या की पुरे : खात्याची ओळख, काय झालं, आता किती भरू शकतो, काय हवंय, उत्तर कधीपर्यंत हवंय. हा नमुना घ्या :

विषय : कर्ज खाते क्र. ........ – हप्ता कमी करून मुदत वाढवून मिळण्याबाबत विनंती

महोदय,

माझे वरील क्रमांकाचे वैयक्तिक कर्ज आपल्याकडे आहे. मासिक हप्ता ₹४,३५० असून १२ हप्ते शिल्लक आहेत. नोकरी बदलल्यामुळे माझे मासिक उत्पन्न ₹२६,००० वरून ₹१९,००० झाले आहे. नवीन नियुक्तीपत्र आणि तीन महिन्यांचे बँक स्टेटमेंट सोबत जोडले आहे.

कर्ज फेडण्याची माझी पूर्ण तयारी आहे. सध्या मी दरमहा ₹२,४५० नियमितपणे भरू शकतो. म्हणून विनंती की :

१. उर्वरित मुदत २४ महिने करून द्यावी.
२. हप्त्याची तारीख दरमहा १० करावी.
३. मागील दोन महिन्यांचे बाऊन्स चार्जेस आणि दंड माफ करावा.

कृपया बदललेला व्याजदर, नवे हप्ता-वेळापत्रक आणि एकूण देय रक्कम लेखी कळवावी. तोवर मुद्दल, व्याज आणि दंड वेगवेगळे दाखवणारे आजच्या तारखेचे स्टेटमेंट पाठवावे. यापुढील संपर्क शक्यतो याच ईमेलवर करावा.

१५ दिवसांत उत्तराची अपेक्षा आहे.

आपला/आपली,
नाव, नोंदणीकृत मोबाईल क्रमांक

दोन-तीन टिप्स :

मेल कर्जाला जोडलेल्या स्वतःच्या ईमेल आयडीवरूनच पाठवा. "पूर्ण माफ करा" असं मागू नका. भरू शकाल त्यापेक्षा जास्त आकडा कधीच लिहू नका, नाहीतर दोन महिन्यांत शब्द मोडतो आणि दुसरी संधी मिळत नाही. मेल इंग्रजीतच हवा असं नाही. एनबीएफसींसाठीच्या रिझर्व्ह बँकेच्या फेअर प्रॅक्टिसेस कोडनुसार ग्राहकाशी त्याला समजणाऱ्या भाषेत व्यवहार करायला हवा. तरी मी स्वतः मराठी मजकुराखाली तोच मजकूर इंग्रजीत जोडला, कारण कॉल सेंटर कुठल्या राज्यात बसलंय आपल्याला माहीत नसतं. भाषांतरासाठी एआय चॅटबॉट वापरायला हरकत नाही, पण त्यात खाते क्रमांक, पॅन, आधार टाकू नका. जागा रिकामी ठेवा आणि नंतर स्वतः भरा.

स्टेप ५ : उत्तर आलं नाही तर?

पहिलं उत्तर बहुतेक वेळा साच्यातलं येतं : "कृपया लवकरात लवकर थकबाकी भरा." निराश होऊ नका. त्याच मेलला रिप्लाय करून तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवा. त्यांचं नाव आणि ईमेल वेबसाइटवर असतं. पहिल्या मेलची तारीख आणि तिकीट नंबर लिहा. कागदी पत्र पाठवायचं असेल तर स्पीड पोस्टने पाठवा आणि पोच जपून ठेवा.

तक्रार करून ३० दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. पत्ता आहे सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन. फी नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा टोल फ्री नंबर आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण बऱ्याच व्हिडिओंमध्ये चुकीचं सांगतात. "मला हप्ता कमी करून द्या" यासाठी लोकपाल बँकेवर जबरदस्ती करत नाही. तो बँकेचा व्यावसायिक निर्णय धरला जातो. पण उत्तरच न देणं, चुकीचे चार्जेस लावणं, एजंटचा त्रास, भरलेले पैसे खात्यात न दाखवणं, यासाठी तक्रार चालते. तेव्हा तक्रारीत मुद्दा कोणता मांडायचा हे आधी ठरवा.

एजंटने काय करायचं नाही

माझ्या आत्याला फोन गेला होता. "तुमचा भाचा पैसे बुडवून पळालाय," असं तिला सांगितलं गेलं. ती बिचारी दोन दिवस जेवली नाही. तेव्हा मला नियम माहीत नव्हता, तुम्हाला असू द्या. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२२ च्या सूचनेनुसार वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. धमकी, शिवीगाळ, चारचौघांत अपमान, घरच्यांना-मित्रांना त्रास, सोशल मीडियावर मेसेज, यातलं काहीही चालत नाही. लोन ॲपला तुमची कॉन्टॅक्ट लिस्ट, गॅलरी आणि कॉल लॉग बघायचीही परवानगी नाही. सेटिंगमध्ये जाऊन ॲपच्या परमिशन्स आजच तपासा.

असा फोन आला तर भांडू नका. तारीख, वेळ, नंबर लिहून घ्या, स्क्रीनशॉट काढा आणि त्याच दिवशी कर्ज देणाऱ्याला मेल करा. एजंट त्यांनी नेमलेला असल्यामुळे जबाबदारी त्यांचीच असते.

सेटलमेंटची ऑफर आली तर थांबा

"५०,००० पैकी २५,००० भरा, खातं बंद" हे ऐकायला छान वाटतं. पण क्रेडिट रिपोर्टमध्ये "क्लोज्ड" ऐवजी "सेटल्ड" अशी नोंद होते. पुढे गाडीचं किंवा घराचं कर्ज काढताना ती नोंद आडवी येते. पगार सुरू असेल आणि वेळ मिळाला तर पूर्ण फेड होणार असेल, तर मुदत वाढवून घेणं जास्त चांगलं. उत्पन्नच नसेल, तर सेटलमेंटचा विचार करा, पण पैसे भरण्याआधी पत्र हातात हवं. पत्रात हे बघा :

- कर्ज देणाऱ्या संस्थेचं नाव आणि तुमचा खाते क्रमांक
- ठरलेली नेमकी रक्कम आणि शेवटची तारीख
- ही रक्कम भरल्यावर काहीही बाकी राहणार नाही, असं स्पष्ट वाक्य
- क्रेडिट रिपोर्टमध्ये काय नोंद होईल
- पत्र अधिकृत ईमेलवरून आलंय का

पैसे फक्त संस्थेच्या खात्यात किंवा तिच्या अधिकृत ॲपमधून भरा. एजंटच्या वैयक्तिक यूपीआयवर एक रुपयाही नको. भरून झाल्यावर "नो ड्यूज" दाखला मागा. साधारण दोन महिन्यांनी क्रेडिट रिपोर्ट बघा. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो. चुकीची नोंद असेल तर तिथेच ऑनलाइन तक्रार करा. ३० दिवसांत ती निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे.

मोबाईलमध्ये फाइल कशी ठेवायची

जीमेलमध्ये "कर्ज" नावाचं एक लेबल करा आणि सगळे मेल त्यात टाका. ड्राइव्हमध्ये एक फोल्डर ठेवा : स्टेटमेंट, पैसे भरल्याच्या पावत्या, स्क्रीनशॉट. फाइलच्या नावाची सुरुवात तारखेने करा म्हणजे शोधायला सोपं. व्हॉट्सॲपवर बोलणं झालं असेल तर चॅट एक्सपोर्ट करा. आणि फोनवर काही ठरलंच, तर लगेच एक मेल टाका : "आज दुपारी ३ वाजता आपल्या प्रतिनिधीशी झालेल्या बोलण्यानुसार अमुक ठरले. चूक असल्यास कळवावे." ही एक सवय मला आधी असती तर माझे ते पाच हजार वाया गेले नसते.

या चुका टाळा

ऑटोपे गुपचूप बंद करू नका. पैसे नाहीत म्हणून हप्ता बाऊन्स होणं हा २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टम्स कायद्याच्या कलम २५ खाली चेक बाऊन्ससारखाच विषय होऊ शकतो. हप्ता जाणार नसेल तर आधी लेखी कळवा आणि जमेल तेवढी रक्कम स्वतःहून भरा. नुसतं कर्ज थकलं म्हणून पोलीस अटक करत नाहीत, पण नोटीस आली तर ती न वाचता फेकून देऊ नका. उत्तर द्या.

एक कर्ज फेडायला दुसरं ॲप डाउनलोड करू नका. "आम्ही सिबिल साफ करून देतो, आधी फी भरा" म्हणणाऱ्यांपासून लांब राहा.

आणि खूप जुनं कर्ज असेल, म्हणजे तीनेक वर्षं काहीच भरलं नसेल, तर मेल पाठवण्याआधी वकिलाला विचारा. "माझं एवढं देणं आहे" अशी लेखी कबुली दिली की दावा करायची मुदत नव्याने सुरू होऊ शकते. मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१०० हा नंबर आहे.

माझं काय झालं?

कार्डवाल्या बँकेने दुसऱ्या मेलनंतर बाकी ईएमआयमध्ये बदलून दिली, २४ महिने. ॲपच्या एनबीएफसीने आधी नाही म्हटलं. तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहिल्यावर २४ नाही, पण १८ महिने दिले, हप्ता ₹३,०६८. बाऊन्स चार्जेस माफ झाले, दंड नाही झाला. मोबाईलचा हप्ता मी तसाच चालू ठेवला.

तिन्ही मिळून जीएसटीसकट साधारण ७,०९० होत होते आणि माझ्याकडे होते ६,५००. मोबाईलचे पाच हप्ते संपेपर्यंत ५९० रुपये कुठून आणायचे? घरी पाठवायचे ३,००० पाच महिने २,४०० करावे लागले. आणि त्यासाठी वडिलांना सगळं खरं सांगावं लागलं. तो फोन मला सगळ्या मेल्सपेक्षा जड गेला. वडील एवढंच म्हणाले, "आधी सांगितलं असतंस तर आत्याला फोन गेला नसता."

म्हणून सांगतो, पहिला मेल आजच लिहा. आणि घरातल्या एका तरी माणसाला आजच सांगा. तुमचा एखादा मित्र सध्या फोन उचलत नसेल, तर हा लेख त्यालाही पाठवा. कदाचित त्याचाही हप्ता थकला असेल.